चतुर्थीचं पाणी

माझे वडील आणि माझा नवरा नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, आणि त्या नऊ वर्षांत त्यांचं एकदाही भांडण झालं नाही. भांडायला आधी बोलावं लागतं.

आम्ही खाडीकाठची माणसं. माझं माहेर कोलशेतला. आबा, म्हणजे माझे वडील, होडी घेऊन खाडीत जायचे आणि आई ठाण्याच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. मी दहावी झाले, टायपिंग शिकले, जवळच्याच एका कंपनीच्या ऑफिसात लागले. तिथे स्टोअरमध्ये साताऱ्याकडचा एक मुलगा होता. घरात माळकरी वातावरण, गळ्यात नसली तरी स्वभावात माळ, संकष्टीला उपवास आणि मासळीचा वास आला की रुमाल नाकाला. खाडीकाठच्या पोरीने प्रेमात पडायला असा कोणी शोधला नसता, पण मला हाच सापडला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही रजिस्टर लग्न केलं आणि डोंबिवलीत एका चाळवजा बिल्डिंगमध्ये दीड खोलीचा संसार मांडला. आई लग्नाला आली होती, डोळे पुसत का होईना. आबा आले नाहीत. ते म्हणाले, "जो मासा खात नाय, त्याच्याशी बोलायचा काय?"

हे वाक्य गमतीत म्हटलं असेल असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. पण आबा एकदा म्हणाले की म्हणाले.

थोरलीचा जन्म झाला, मग तीन वर्षांनी धाकटा झाला, मग आई गेली. आई गेल्यावर आबा डोंबिवलीला यायला लागले. महिन्यातून दोन रविवार. हातात पिशवी, पिशवीत जिवंत चिंबोऱ्या. त्या मी गॅलरीत वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या टोपात शिजवायची आणि माझा नवरा आतल्या खोलीत उदबत्ती लावून बसायचा. आबा नातवंडांत रमायचे. जावयाकडे मात्र बघायचेही नाहीत. तरी घर एवढंसं, बोलणं तर भाग होतं. मग थोरली त्यांचं टपालखातं झाली.

"सांग तुज्या बापसाला, मोरीचा नल गलतो."

"आजोबांना सांग, वॉशर आणलाय, संध्याकाळी बसवतो."

"सांग त्याला, त्याच्या हातून नाय व्हायचा. मी बसवतो."

दोघांचे गुडघे एकमेकांना लागतील एवढ्या अंतरावर बसून हे चालायचं. थोरली मान एकदा इकडे, एकदा तिकडे करायची आणि प्रत्येक निरोप पुन्हा शब्दन्‌शब्द म्हणायची. दिवसाच्या शेवटी ती दोघांकडून एकेक लिमलेटची गोळी वसूल करायची. शेजारणी हे बघून हसायच्या. मीही हसायची, आणि भांडी घासताना एकटीच रडायची. आबांचं वय सरत चाललं होतं. खाडीतलं पाणी काळं पडत होतं, चिखलातले निवटे मासे दिसेनासे झाले होते आणि आबांना रिकाम्या जाळ्याची सवय होत होती. आपला बाप एक दिवस जाईल आणि माझ्या नवऱ्याला एका शब्दानेही हाक न मारता जाईल, याची मला धास्ती वाटायची. जावयाला नावाने नको, शिवीने का होईना, पण सरळ हाक मारून त्यांनी जावं, एवढीच माझी इच्छा होती.

म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका मे महिन्यात मी सहल काढली.

बोरिवलीच्या पलीकडे, खाडी ओलांडली की, तेव्हा नवीनच एक मोठं पार्क झालं होतं. पाळणे, झुलती जहाजं, पाण्यात धावणाऱ्या गाड्या, असलं काय काय. डोंबिवलीतल्या प्रत्येक मुलाच्या तोंडी तेच. वर्गातली अर्धी मुलं जाऊन आलेली, उरलेली थापा मारणारी. आमची थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच. दोघांनी माझं डोकं खाल्लेलं. मी ठरवलं, दोन दिवस जायचं. पहिला दिवस पार्क, रात्री तिथल्याच किनाऱ्यावर कुणाच्या घरी खोली घेऊन राहायचं, दुसरा दिवस समुद्र. आणि आबांना बरोबर न्यायचं. दोन दिवस, एक खोली, चारी बाजूंना परकं गाव. कुठे पळतील?

आबांना विचारलं तर ते खो खो हसले. "समुद्र बघाया जायचा? सुट्टी घेऊन?" त्यांना ते लोहाराने सुट्टीच्या दिवशी भट्टी बघायला जाण्यासारखं वाटलं. पण नातवंडांनी दोन्ही हात धरले, तेव्हा कबूल झाले.

माझ्या नवऱ्याने फूलस्केप कागदावर बेत आखला. तो स्टोअरचा माणूस, त्याला प्रत्येक गोष्ट रकान्यात लागते. कितीची गाडी, कुठे बदलायची, पार्कात आधी काय, मग काय, दुसऱ्या दिवशी न्याहारी, समुद्रस्नान, वाळूचा किल्ला, जेवण. मी एवढंच पाहिलं की दुसऱ्या दिवशी संकष्टी आहे, म्हणजे ह्यांचा उपवास, म्हणजे साबुदाणा भिजवून न्यायला हवा. कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळ पाहिली आणि भिंतीकडे पाठ फिरवली. चतुर्थी म्हटल्यावर कोळ्याच्या पोरीला आणखी काय आठवायला हवं होतं, ते पुढे येईलच. नऊ वर्षांच्या डोंबिवलीने मला उपवासाचं सगळं शिकवलं आणि पाण्याचं सगळं विसरायला लावलं.

निघण्याआधी मी मनाशी एक नवसच बोलले म्हणा ना. या दोन दिवसांत मी कुणाचाही निरोप कुणाला सांगणार नाही. मी मधून बाजूला झाले की ते बोलतील. आई जन्मभर आबांच्या आणि इतरांच्या मधे उभी राहिली, मी बाजूला होणार होते.

पार्कात पोचलो तेव्हा ऊन रणरणत होतं. आबांनी त्या दिवसासाठी पांढरा लेंगा, पांढरा सदरा आणि टोपी घातलेली, लग्नाला निघावं तशी. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात एक लुंगी, एक टॉवेल. गेटपाशी माझ्या पोळीभाजीचे डबे बाहेरच ठेवायला लावले तेव्हा ते त्या रखवालदाराशी एवढे बोलले, एवढे बोलले, की मला वाटलं आता हा माणूस माझ्या नवऱ्याच्या वाट्याचे शब्दही इथेच संपवणार.

आत गेल्यावर मुलांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. गोल फिरणारे हत्ती, छोटी आगगाडी, पाण्यावरून घसरत येणारी होडी. त्या होडीपाशी आबा बराच वेळ उभे राहिले. सिमेंटच्या नाल्यात निळं पाणी, वरून प्लास्टिकची होडी येते, धपकन आपटते, सगळे किंचाळतात. त्यांनी कठड्यावरून हात घालून पाणी चाखलं.

"गोड्या पान्याची होडी," ते मला म्हणाले. "आनि वलवतो कोन? कोन नाय. मंग हे लोक घाबरतात कोनाला?"

माझ्याशी ते छान बोलायचे. मुलांशी त्याहून छान. मधे मधे थोरलीकडे वळायचे: "तुज्या बापसाला सांग, धाकल्याला टोपी घाल, ऊन लागंल." मग नवरा: "आजोबांना सांग, टोपी बॅगेत आहे, देतो." हत्तींपाशी, आगगाडीपाशी, आइस्क्रीमच्या गाडीपाशी, सगळीकडे हेच. बिचारी पोरगी झोपाळ्याच्या रांगेतून दोनदा बाहेर आली निरोप पोचवायला आणि दोनदा तिचा नंबर गेला. तिच्या नाकावर राग चढताना मला दिसत होता. मी मूग गिळून बसले होते, नवस होता ना.

मग ते मोठं जहाज आलं. झोपाळ्यासारखं पुढे-मागे झुलणारं, पन्नासेक माणसं बसतील एवढं. थोरली म्हणाली, "आजोबा, तुम्ही जहाजवाले ना? चला की!" जहाजवाले म्हटल्यावर आबांची छाती दोन इंच फुगली. टोपी माझ्या हातात दिली आणि जाऊन ऐटीत टोकाच्या बाकावर बसले. पलीकडे नात, तिच्या पलीकडे जावई. चाळीस वर्षं वादळवाऱ्यात खाडी कापलेला माणूस, मला काळजीचं काही कारणच नव्हतं.

चार झोक्यांत आबांचा चेहरा बदलला. जहाज थांबलं तेव्हा ते दोन्ही हातांनी कठडा धरून खाली आले आणि एका कुंडीपाशी बसून सकाळचा चहा, बटर, सगळं बाहेर काढलं. मी धावले. पण माझ्याआधी माझा नवरा पोचला. त्याने एका हाताने त्यांचं कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलेलं स्वतःच्या रुमालाने पुसलं. कुठून तरी अर्धं लिंबू आणलं. नऊ वर्षांत त्याने आबांना हात लावलेला मी पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं, आता. आता बोलतील.

आबांनी दोन मोठे श्वास घेतले, डोळे उघडले, समोर लिंबू धरलेला हात पाहिला आणि थोरलीकडे मान वळवली.

"तुज्या बापसाला सांग, लिंबू नको."

आणि आमच्या पोरीचा बांध फुटला. भर पार्कात, पाय आपटून, ती जोरात ओरडली, "मी नाही सांगणार! मी आता कधीच नाही सांगणार! बाबा तुमच्यासमोर बसलेत! तुमचं तुम्ही बोला!"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. नवऱ्याने लिंबू खिशात टाकलं. आबा उठले, तोंड धुतलं आणि झाडाखाली पिशवी उशाला घेऊन आडवे झाले. दिवसभर मग त्या दोघांत एकही निरोप गेला नाही की आला नाही. मला पोरीला जवळ घेऊन तिची पाठ थोपटावीशी वाटत होती, आणि एक धपाटाही घालावासा वाटत होता. मी दोन्ही केलं.

संध्याकाळी किनाऱ्याजवळच्या एका घरी खोली मिळाली. घरची म्हातारी आबांच्या बोलीची निघाली. दोघांचं लगेच जमलं. तिने बोंबील तळले, आबांना परत माणसात आणलं. माझा नवरा दही-पोहे खाऊन मुलांना गोष्ट सांगत बसला. मी दोन्ही ताटांच्या मधे बसले होते, जशी आई गेल्यापासून बसत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला आम्ही सुरूच्या झाडांखाली सतरंजी टाकली. काय तो किनारा होता! पाणी पार लांब गेलेलं, ओली वाळू आरशासारखी पसरलेली, तिच्यावर पाखरांच्या पायांची नक्षी. समोर, एक उथळ ओहोळ ओलांडला की, वाळूचा एक उंचवटा वर आलेला, पालथ्या घातलेल्या परातीसारखा, आणि त्याच्यावर शिंपलेच शिंपले. मुलांनी ते बघितलं आणि संपलं. नवऱ्याच्या कागदावर 'वाळूचा किल्ला' होताच. त्याने पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, एका हातात बादली घेतली आणि थोरलीला घेऊन निघाला. धाकटा बिस्किटाचा पुडा संपवत मागे राहिला होता.

आबा बसल्या बसल्या समुद्राकडे बघत होते. बोटांवर काहीतरी मोजलं. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की झालं, तेवढ्या वाजता पुरं पाणी. म्हाताऱ्या माणसांना पाऊणकी पाठ असते ती वाण्याच्या हिशेबासाठी नाही, यासाठी.

"चार पाऊणे तीन," आबा पुटपुटले. मग धाकट्याला जवळ ओढला. "जा, तुज्या बापसाला सांग, आज चतुर्थी हाय. तीनला पुरा पानी. धाच्या आत माघारी यायचा. पानी समोरशी येत नाय, मधल्या घलीतशी येतं, पाठीमागशी. सांगशील?"

"सांगीन," धाकटा म्हणाला आणि पळाला.

हे सगळं मी ऐकलं. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढे बरीच वर्षं मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. मी तिथेच होते, साबुदाण्याच्या डब्याचं झाकण उघडत. मला वाटलं, चला, मुलगी संपावर गेली तर आता मुलाला नोकरीला लावलं. मला आबांचा राग आला. वाटलं, जाऊ दे निरोप पाच वर्षांच्या पोराबरोबर, मी तोंड उघडणार नाही. माझा नवस. पोरगं दहा पावलांवर एका खेकड्यामागे वळलं, मग दुसऱ्या, मग धावत बापाकडे गेलं. त्याने काही सांगितलं की नाही, हे इतक्या लांबून कळायला मार्ग नव्हता. कळून घ्यायची मला इच्छाही नव्हती.

दहा वाजले, साडेदहा झाले. उंचवट्यावर तीन डोकी खाली वाकलेली दिसत होती. किल्ला उंच होत होता. आबा दोनदा उठून बसले. एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगला असंल ना पोरानं?" मी म्हटलं, "सांगितलं असेल." काय ही माझी जीभ!

अकराच्या आधी थोडं, आबा एकदम उभे राहिले. समोर समुद्र होता तसाच शांत, लांब. पण मधला तो ओहोळ, सकाळी मुलांनी घोट्याएवढ्या पाण्यातून उड्या मारत ओलांडलेला, तो रुंद झाला होता. त्यातलं पाणी उजवीकडून डावीकडे घाईघाईने चाललं होतं, कामाला निघालेल्या माणसासारखं.

"आरं ए!" आबा ओरडले. "पोरांना उचल! माघारी फिर!"

वारा समुद्रावरून येत होता, आवाज आमच्याच तोंडावर परत येत होता. आबा धावले. साठी ओलांडलेला माणूस, लेंगा घातलेला, तो असा धावला की मी मागे पडले. मी त्या ओहोळाच्या, घळीच्या काठाशी पोचले तोवर ते कमरेएवढ्या पाण्यात होते. मी आत पाऊल टाकलं तर त्यांनी मागे न बघता हात केला, "तू थांब!" मी थांबले. बापाने त्या आवाजात सांगितलं की मी लहानपणीही थांबायची.

पलीकडे नवऱ्याला आत्ता कुठे कळलं होतं. तो दोन्ही मुलांना घट्ट धरून उभा होता, चेहरा पांढराफटक. त्याला पोहता येत नाही. आबा पाण्यातून वर चढले आणि त्यांनी धाकट्याला उचलून मानेवर बसवलं. वाऱ्यावर मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"पोरीला खांद्यावर घे. घट. हां. आता माजा हात धर. पाय उचलू नको, पाय उचलला का पानी नेईल. वालूवरशी सरपटव. माज्याकडं बघ, पान्याकडं नाय. माज्याकडं बघ!"

नवऱ्याने हात धरला. दोघे पुढे-मागे त्या पाण्यात शिरले. मधोमध पाणी आबांच्या बरगड्यांपर्यंत आलं, त्याच्याही. थोरली बापाचे केस दोन्ही मुठीत धरून बसली होती. एकदा त्याचा पाय सरकला. आबांनी हाताला हिसडा देऊन त्याला उभा केला आणि म्हणाले, "हाय मी. चल." मी काठावर उभी राहून देवाचं नाव घ्यायचं विसरले होते, नुसते त्यांचे पाय मोजत होते.

वर आल्यावर मुलांना कोरडं करायच्या आधीच आबा सुरू झाले. काय बोलले! "डोंबिवलीचा साहेब! समुद्रावर आलास का बागेत आलास? पोटच्या पोरांना घेऊन पान्याच्या पोटात जाऊन बसलास? जल्ली तुजी अक्कल! मानूस पाठीमागं एकदा बघतो का नाय? घड्याल हाय हाताला, त्यात पानी दिसतं काय?" एकामागून एक. नवरा ओलाचिंब, मान खाली घालून उभा. आणि मी? मी माझ्या नवऱ्याला शिव्या खाताना बघत होते आणि मला इतका आनंद झाला होता की लाज वाटली. नऊ वर्षांचं सगळं एकदम येत होतं, आणि येत होतं ते सरळ त्याच्या तोंडावर.

"मी निरोप धाडला होता!" आबा ओरडले. "धाच्या आत ये म्हनून!"

नवऱ्याने मान वर केली. "मला कुणी काही सांगितलं नाही, आबा."

सगळ्यांनी धाकट्याकडे बघितलं. तो टॉवेलमध्ये गुंडाळलेला, दात वाजवत. "मी विसरलो," तो म्हणाला. "खेकडा होता."

आबांचं तोंड उघडंच राहिलं. ते हळूहळू खाली बसले, वाळूवर, ओल्या लेंग्यासकट. मग म्हणाले, "चुकी माजी हाय. पाच वर्साच्या पोराच्या हातात मी पानी दिला."

मला तेव्हाच म्हणायला हवं होतं की आबा, मी ऐकलं होतं, पोराला खेकड्यामागे वळताना बघितलंही होतं, चुकी माझी आहे. मी म्हटलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, आबा अंथरुणाला खिळल्यावर, म्हटलं. ते म्हणाले, "ठाव हाय. तुला बघितला मी तवा."

नवरा त्यांच्या शेजारी वाळूवर बसला. "मला सरळ सांगायचं होतंत, आबा," तो म्हणाला. रागाने नाही, अगदी साधं. "मी ऐकलं असतं."

आबांनी पिशवीतून लुंगी काढली, निळ्या चौकटीची, विटलेली, एकुलती एक कोरडी. त्याच्या मांडीवर टाकली.

"नेस."

"आणि तुम्ही?"

"मी कोली हाय. मला पानी काय करतं? नेस म्हनतो ना."

आमच्या लग्नात मानपान काही झालाच नव्हता. रजिस्टरच्या ऑफिसात दोन हार आणि पेढे, बस. सासऱ्याने जावयाला अंगावरचं वस्त्र द्यायचं असतं, ते कोण देणार होतं? मी त्या सुरूखाली, हातात साबुदाण्याचा डबा घेऊन, माझ्या नवऱ्याला माझ्या बापाची लुंगी नेसताना बघितलं. त्याला ती नेसताही येत नव्हती. आबांनी उठून त्याची गाठ मारून दिली. मी रडले, आणि मुलांना सांगितलं की डोळ्यांत वाळू गेली.

पाणी किल्ल्यावर चढलं ते आम्ही काठावरून पाहिलं. आबा जावयाला हाताने दाखवत होते, ती रेघ बघ, तिथं फेस अडतो ना, तिथं खाली उंच हाय. तो काला पट्टा, ती घल. नवरा मधेच काही विचारायचा, आबा सांगायचे. तीनच्या सुमाराला खरंच पुरं पाणी झालं आणि सुरूच्या मुळांशी लागलं.

परतीच्या गाडीत आम्हाला सगळ्यांना बसायला जागा मिळाली. आबांना ठाण्याला उतरायचं होतं, तिथून कोलशेतची बस. मुलं माझ्या दोन्ही मांड्यांवर झोपली होती. समोरच्या बाकावर सासरा आणि जावई. आबा त्याला सांगत होते की त्यांच्या तरुणपणी खाडीत कोणती मासळी यायची, कुठल्या तिथीला कुठे जाळं टाकायचं; आणि हा मासा न खाणारा माणूस इतकं मन लावून ऐकत होता की जसा काही उद्या होडी घेऊनच निघणार आहे. मग त्याने त्याच्या गावच्या नदीचं काही सांगितलं, विहिरीत पोहायला शिकवताना चुलत्याने कसं ढकललं होतं आणि तेव्हापासून कशी भीती बसली ते. हे त्याने मलाही कधी सांगितलं नव्हतं. आबा हसले नाहीत. "पावसाला सरूंदे," ते म्हणाले, "मी शिकवीन तुला."

मुलुंड गेलं. मी पिशव्या पायाने जवळ ओढल्या. आबांची टोपी माझ्याकडे होती, ती द्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. गाडी ठाण्याला थांबली. माणसं उतरली, माणसं चढली. आबांचं तोंड जावयाकडे होतं, पाठ दाराकडे. मी गप्प बसले. गाडी सुटली.

कळवा गेल्यावर आबांनी सहज खिडकीबाहेर बघितलं.

"ठाना गेला काय गो?"

"गेलं."

"मंग सांगला का नाय मला?"

"तुम्ही बोलत होतात," मी म्हणाले.